ताकायामा जिन्या : जपानमधली एक जुनी मामलेदार कचेरी

बारनिशीकर

तेहतीस वर्षं महसूल खात्यात काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. परगावी गेलो की माझी नजर देवळाआधी कचेरीकडे वळते. बायको याला खात्याचा रोग म्हणते. मुलगी-जावई नागोयाला असतात. गेल्या नोव्हेंबरात त्यांच्याकडे होतो तेव्हा जावयांनी विचारलं, "बाबा, किल्ला बघायचा की मंदिर?" मी म्हटलं, एखादी जुनी सरकारी कचेरी असेल तर दाखवा. ते आधी हसले, मग फोनवर शोधत बसले आणि म्हणाले, "आहे!"

तर ती ही ताकायामा जिन्या. गिफू प्रांताच्या उत्तरेला हिदा म्हणून डोंगराळ मुलूख आहे, त्यातलं ताकायामा हे मुख्य गाव. नागोयाहून 'हिदा' याच नावाची गाडी जवळपास अडीच तासांत पोचवते. अर्ध्याअधिक वाटेवर नदी सोबत असते, कधी डाव्या खिडकीत तर कधी उजव्या. स्टेशनापासून कचेरी दहा मिनिटांवर, माझ्या गुडघ्यांच्या चालीने पंधरा.

जिन्या म्हणजे शोगुनच्या (त्या काळी जपानचा खरा कारभार ज्याच्या हाती असे, त्या लष्करी सत्ताधीशाच्या) प्रतिनिधीची कचेरी आणि राहतं घर, दोन्ही एकाच आवारात. हा मुलूख आधी कानामोरी घराण्याकडे होता. १६९२ मध्ये शोगुनने त्यांची बदली पार उत्तरेला केली आणि हिदा थेट खालसा करून टाकलं. (आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, म्हणजे काळ लक्षात येईल.) कारण साधं होतं, इथली जंगलं आणि खाणी. भात बेताचं पिकणारा मुलूख, पण लाकूड असं की एदोला (म्हणजे आजच्या तोक्योला, शोगुनच्या राजधानीला) हवंहवंसं वाटावं. कानामोरींचा डोंगरावरचा किल्ला १६९५ मध्ये पाडून टाकला आणि खालच्या त्यांच्या वाड्यात कचेरी थाटली. पुढची १७७ वर्षं एदोहून पंचवीस अधिकारी एकामागून एक येत राहिले. त्यांना आधी दाइकान म्हणत, १७७७ पासून दर्जा वाढून गुंदाई. आपल्या भाषेत मामलेदाराचा कलेक्टर झाला म्हणा.

शोगुनशाहीच्या अखेरीस देशभर अशा साठाच्या वर कचेऱ्या होत्या. मुख्य इमारतीसकट उभी राहिलेली ही एकच.

दारात बूट काढायचे, पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात घेऊन हिंडायचं. समोरच प्रवेशाची खोली आहे. भिंतीवर निळसर लाटांची नक्षी, एकावर एक चढलेले अर्धगोल. हे दार १८१६ सालचं, आणि ते तुमच्या-आमच्यासाठी नव्हतंच. वरून आलेला बडा अधिकारी तेवढा इथून आत जायचा. गावचे पुढारी, देवळांचे पुजारी, खेड्यांचे पाटील, सगळ्यांची दारं वेगळी आणि बसायच्या खोल्याही वेगळ्या. मी जावयांना म्हटलं, आमच्याकडेही साहेबांच्या केबिनला दोन दारं असायची, आत जायचं एक आणि मागून सटकायचं एक.

आत गेल्यावर मी जमिनीकडेच बघत राहिलो. जपानी घरात तातामीच्या चटया असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे चटईचा काठ बघायचा. बड्यांच्या खोलीत काठाला नक्षीचं कापड, त्याखालच्यांच्या खोलीत साध्या रंगाची पट्टी आणि अगदी खालच्या नोकरांच्या खोलीत काठच नाही, नुसती चटई. दारावर पाटी नको की टेबलावर नावाची पट्टी नको. पाऊल टाकलं की कुणाच्या खोलीत आलो ते कळतं. आमच्या ऑफिसात हेच काम खुर्च्या करायच्या. साहेबांची फिरती, पाठीवर टर्किशचा टॉवेल. नायब तहसीलदारांची हातांची, पण न फिरणारी. माझी वेताची. शिपायाला स्टूल. हिदाच्या त्या बिनकाठाच्या चटईवर उभा राहिलो आणि आमचा शिपाई आठवला.

नातीला वेगळाच शोध लागला. खांबांवर जिथे आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्यात, तिथे खिळ्याचं डोकं दिसू नये म्हणून त्यावर धातूचं छोटं टोपण बसवलंय. हे टोपण म्हणजे समोर तोंड करून बसलेला ससा, दोन लांब कान वर. तिथे सांगतात की लांब कानांचा ससा लोकांचं म्हणणं नीट ऐकतो, शिवाय आगीपासूनही राखतो. अर्ज-फाटे ऐकणाऱ्या कचेरीत भिंतीभर कान! ही कल्पना मला फारच आवडली. ऐकलं किती जायचं ते पुढे सांगतो.

कारण पुढे न्यायाची जागा येते. दोन आहेत. एक दिवाणी भांडणांची, दुसरी फौजदारी. अधिकारी वर चटईवर, आरोपी खाली खडीवर. फौजदारीच्या बाजूला त्रिकोणी धारांचं लाकूड ठेवलंय. त्यावर गुडघे टेकवून बसवायचं आणि मांडीवर दगडी लाद्या रचायच्या, कबूल होईपर्यंत. शेजारी कैद्याला एदोला न्यायची बांबूची पिंजऱ्यासारखी डोली. मोठी शिक्षा द्यायची तर एदोची मंजुरी लागायची. फाइल वर जायची आणि तोवर माणूस कोठडीत. नात माझ्या बोटाला घट्ट धरून होती, तेव्हा आम्ही लवकर पुढे सरकलो.

शेवटी धान्याचं कोठार. सगळ्यात जुनं काम हेच, साधारण १६०० सालचं. मुळात किल्ल्यात होतं. किल्ला पाडला तेव्हा हे मात्र उचलून इथे आणून उभं केलं. किल्ला गेला तरी चालेल, कोठार पाहिजे, हा हिशेब महसूलवाल्याला लगेच पटतो! बाहेरून नीट बघितलंत तर भिंतींचे खांब सरळ नाहीत, वर जाताना आत कलत गेलेत. आत पेंढ्याच्या गोण्यांची थप्पी लावलीय. मला दापोडीच्या... असो, ते गोदाम नको आठवायला.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. शोगुन गेले, मेइजी सम्राटाचं राज्य आलं, प्रांतांची नावं बदलली (१८७१ मध्ये चिकुमा, १८७६ पासून गिफू), पण कचेरी तिथेच चालू राहिली. थेट १९६९ पर्यंत. त्या वर्षी सरकारी कार्यालय नव्या जागेत गेलं आणि प्रांताने जुनी इमारत दुरुस्तीला घेतली. ते काम संपलं १९९६ ला. १९२९ मध्येच हिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला होता, म्हणजे पुढची चाळीस वर्षं स्मारकात बसून कारकून जावक नंबर टाकत होते!

फोटो जावयांकडे आहेत, मागवतो.

---

फिरस्ती

काका, मस्त. आम्ही ताकायामाला अर्धा दिवस होतो आणि तो जुन्या गल्ल्या, साकेची दुकानं आणि लाल पुलावर फोटो काढण्यात गेला. जिन्याच्या दारासमोर बाजारात सफरचंदं घेतली आणि आत न जाता परतलो. आता चुटपुट लागलीये.

---

ओसाकावाली

तो दारासमोरचा बाजार म्हणजे जिन्या-माए आसाइची. रोज सकाळी भरतो आणि बाराला आवरतो. आसपासच्या शेतकरी आज्या स्वतः पिकवलेलं घेऊन बसतात. लाल सलगमाचं लोणचं तिथलं खास, चवीला द्याच म्हणायचं, देतात. बाजार आधी, कचेरी नंतर असा क्रम ठेवा.

आणि मोजे! नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर जाड लोकरीचे मोजे न्या. आत हीटर नाही आणि लाकडी ओसरी बर्फासारखी लागते. मी पातळ मोज्यांवर गेले होते, निम्म्यात पळाले.

---

तिखटजाळ

लेख छान, पण जरा गोड झालाय. ससे काय, लाटा काय. ही शेतकऱ्यांना पिळणारी कचेरी होती. मांडीवर दगड रचून घेतलेल्या कबुल्यांची जागा "संस्कृती" म्हणून तिकीट लावून दाखवायची आणि आपण टाळ्या पिटायच्या? आपल्याकडच्या वाड्यांबद्दल असंच कुणी लिहिलं असतं तर इथेच दोनशे प्रतिसाद पडले असते.

---

बारनिशीकर

तिखटजाळ, तुमचा मुद्दा मान्य. "पुढे सांगतो" म्हणून मीच विसरलो. आता सविस्तर.

तिथे ओहारा सोदोची माहिती लावली आहे. सोदो म्हणजे दंगा, उठाव. ओहारा हे अधिकाऱ्याचं आडनाव. १७७१ मध्ये वरून हुकूम आला की जंगलतोड बंद. डोंगरातल्या लोकांचं पोट लाकूडतोडीवर होतं, तेच तुटलं. संशय व्यापाऱ्यांवर गेला, गावात घरं फोडली गेली. दोन वर्षांनी मोजणी निघाली. लोकांना सांगितलं होतं की नवी जमीन तेवढी मोजणार, जुन्या शेतांना हात लावणार नाही. मग जुनीही मोजायला काढली. ज्याने मोजणीच्या वेळी बांधावर उभं राहून शेतकऱ्याचा चेहरा बघितलाय, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

लोक देवळाच्या आवारात जमले. काही जण एदोला गेले आणि बड्या मंत्र्याची पालखी वाटेत अडवून अर्ज दिला. मधले अधिकारी ओलांडून थेट वर अर्ज देणं हाच गुन्हा, त्याला देहदंड. इकडे दाइकानने शेजारच्या संस्थानांचं सैन्य मागवलं आणि जमावावर गोळ्या चालल्या. पुढाऱ्यांना मृत्युदंड झाले, लोकांना साथ दिलेल्या पुजाऱ्यांनाही सोडलं नाही. होंगो गावचा झेनकुरो हा पुढारी अठरा वर्षांचा होता. त्याचं डोकं उडवलं.

आणि मोजणीचा निकाल? मुलखाची आकारणी साधारण ४४ हजार कोकूंवरून (कोकू हे भाताचं माप) ५५ हजारांवर गेली. अधिकाऱ्याला बढती मिळाली. लेखात लिहिलं ना, १७७७ मध्ये दाइकानचा गुंदाई झाला, तो पहिला गुंदाई हाच ओहारा. त्याच्या मागून त्याचा मुलगा त्याच जागेवर आला, त्यानेही तेच धंदे केले. लोक पुन्हा उठले आणि या खेपेला एदोने ऐकलं. मुलाची रवानगी लांबच्या हाचिजो बेटावर, हद्दपार. सगळं मिळून अठरा वर्षं चाललं.

तेव्हा सशांचे कान होते, पण ऐकायला अठरा वर्षं लागली. टाळ्या मी पिटल्या नाहीत. कचेरी बघायला गेलो होतो आणि कचेरी अशीच असते.

---

तिखटजाळ

हे मूळ लेखात हवं होतं. बाकी ठीक.

---

मोडीवाचक

पालखी अडवून अर्ज! पुण्यात पेशवे दफ्तरात रुमालाच्या रुमाल फिर्यादी पडून आहेत, वाचताना वाटतं की सगळीकडे रयतेची भाषा एकच. "पिकास पाणी नाही, सारा माफ व्हावा."

काका, तुम्ही महसूलवाले म्हणून विचारतो. तिथे सारा ठरवायची पद्धत काय होती? आणेवारीसारखं काही?

---

बारनिशीकर

होय, अगदी आणेवारीच. एदो काळात दोन पद्धती होत्या. एकीत दरवर्षी कापणीआधी अधिकारी शेतावर येऊन पीक बघणार आणि त्यावर सारा ठरवणार. दुसरीत मागच्या काही वर्षांची सरासरी काढून दर बांधून टाकायचा, पीक येवो न येवो. पहिलीत पाहणीला आलेल्याची सरबराई करावी लागते, दुसरीत दुष्काळात मरण. रयतेने कुठली निवडावी?

आणि हो, एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर भात. गावाची ऐपत, सरदाराचा दर्जा, सगळं कोकूत मोजायचं.

---

सुतारपक्षी

उशिरा आलो. मी जुन्या लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून दोन शब्द.

काकांनी छपराबद्दल लिहिलंच नाही! जिन्याच्या बऱ्याच भागावर कौलं नाहीत, लाकडी फळ्या आहेत. त्या करवतीने कापत नाहीत, ओंडक्यातून पात्याने रेषेरेषेने सोलून काढतात. करवतीने लाकडाच्या शिरा तुटतात आणि तिथून पाणी मुरतं. सोललेल्या फळीवर शिरांच्या बारीक पन्हळी तशाच राहतात आणि पाणी त्यातून वाहून जातं. मग फळ्या एकावर एक रचायच्या, वर आडव्या काठ्या आणि त्यावर दगड. खिळा नाही. काही वर्षांनी फळ्या उलटवून पुन्हा घालायच्या, कुजेल तेवढीच बदलायची. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं शाकारतात, तसलंच हे वेळापत्रक.

हिदाचे सुतार हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. बाराशे वर्षांपूर्वी हा मुलूख कर म्हणून धान्य-कापडाऐवजी सुतार पाठवायचा, राजधानीतली देवळं आणि वाडे बांधायला. करात माणसं!

प्रश्न एवढाच, आज दिसतं त्यातलं मूळ किती?

---

बारनिशीकर

सुतारपक्षी, छपराकडे मी बघितलं, पण कळलं आत्ता.

कोठार, प्रवेशाचा भाग आणि कचेरीचा मुख्य भाग जुना. अधिकाऱ्याच्या राहत्या घराचा बराचसा भाग जुन्या नकाशांवरून नव्याने बांधला आहे. आधार १८३० च्या नकाशाचा. म्हणजे इमारत जशी त्या साली होती तशी आज दिसते.

आणि इथेच मला खुट्ट वाटलं. १८३० चं रूप आणायचं म्हणजे त्यानंतरचं सगळं काढायचं. मेइजीनंतर शंभर वर्षं तिथे जे कारकून बसले, त्यांची टेबलं, फायलींचे घोडे, कुणी दाराला ठोकलेली खुंटी, खिडकीला लावलेली काच, सगळं गेलं. दाइकानची न्हाणी बघायला मिळते, १९६८ च्या टंकलेखकाची खुर्ची नाही. इतर साठ कचेऱ्या पडल्या आणि ही राहिली, ती रोज कुणीतरी कुलूप उघडत होतं म्हणून, गळकं छप्पर बघून वर पत्र लिहीत होतं म्हणून. एक खोली तरी त्यांच्यासाठी तशीच ठेवायला हवी होती, टेबल, शाईचे डाग आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसकट.

---

सुतारपक्षी

आमच्या धंद्यातला हा सनातन वाद आहे. मी उलट बाजूचा. प्रत्येक थर ठेवत गेलात तर इमारत वाचताच येत नाही. मेइजीनंतरचे पार्टिशन आणि पत्रे ठेवले असते तर तुम्हाला तो चटयांच्या काठांचा फरक दिसलाच नसता, कारण चटया कधीच उचलल्या गेल्या असत्या.

---

बारनिशीकर

हे बिनतोड आहे. तरी एक खोली!

---

वांगीभात

वाद चालू द्या, मी पोटाचं विचारते. शाकाहारी माणसाने ताकायामात काय खावं? गल्लीभर गोमांसाचे बोर्ड दिसतात म्हणे.

---

ओसाकावाली

दिसतात खरे, हिदाचं गोमांस प्रसिद्ध आहे. पण उपाशी राहणार नाही. तांदळाचे गोळे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले मिताराशी दांगो मिळतात. बाकी जपानात त्यांच्यावर गोड पाक असतो, ताकायामात नुसता सोया सॉस लावून खारे करतात. आपल्या जिभेला तेच बरे. मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर निखाऱ्यावर रटरटणारा होबा मिसो (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) भाताबरोबर फार छान लागतो. बौद्ध भिक्षूंच्या पद्धतीचं जेवणही काही ठिकाणी मिळतं, पण आधी सांगून ठेवा. सुपात माशाचा अर्क आहे का हे दरवेळी विचारायचं, "मांस नाही" एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

---

फिरस्ती

अवांतर: जिन्याजवळ एका मुलाचा पुतळा आहे, त्याचाही फोटो काढला होता आणि कोण ते न बघता आलो. कुणाला माहीत आहे का?

---

मोडीवाचक

यामाओका तेश्शू. त्याचे वडील ओनो इथले गुंदाई होते, त्यामुळे पोराचं बालपण ताकायामातच गेलं, तलवार आणि सुलेखन तिथेच शिकला. १८६८ मध्ये एदोवर सम्राटाची फौज चालून येत होती तेव्हा शोगुनच्या बाजूने त्या फौजेचा सेनापती सायगो याला जाऊन भेटला तो हाच. पुढे एदो रक्तपात न होता हवाली झालं. म्हणजे कचेरीतून एक कामाचा माणूसही निघाला, तिखटजाळ यांच्या माहितीसाठी.

---

तिखटजाळ

नोंद घेतली. तो अधिकारी नव्हता, अधिकाऱ्याचा मुलगा होता. ओहाराचाही मुलगाच होता.

---

वांगीभात

काका, ससे एकूण किती आहेत? लेक विचारतेय, तिला शाळेच्या प्रोजेक्टला हवंय.

---

बारनिशीकर

नात मोजत होती. चाळिशीपर्यंत गेली, मग बूटांची पिशवी फाटली, बूट दाइकानच्या चटईवर पडले आणि तिथल्या बाई धावत आल्या. रागावल्या नाहीत, नवी पिशवी दिली. पण आकडा राहिला तो राहिलाच. लेकीला म्हणावं, जाऊन मोज आणि इथे कळव.